सगळेच चोर असतील, तर सही कशाला करतोस?

पत्र (थोडं कापून):

«ताई, मी राजेंद्रनगरला राहतो, वय 33. इंदुरातल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत नऊ वर्षं आहे, सध्या 'टेक लीड'. मागच्या शुक्रवारी एचआरनं कॉलवर घेतलं. म्हणे एआयमुळे टीम लहान करतोय, दहा दिवसांत राजीनामा टाका. रिलीव्हिंग लेटर स्वच्छ देऊ, दोन महिन्यांचा पगारही देऊ. नाहीतर परफॉर्मन्सवर काढावं लागेल. लेखी काही दिलेलं नाही.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेत, ते म्हणतात लेबर ऑफिसात जा. मला हसू येतं. कायदे कंपन्यांच्या सोयीनं होतात, सरकारचं धोरण मोठ्यांच्या एका फोनवर बदलतं, डेटाचा कायदा आणला तोही आपल्यासाठी नाही. आणि आयटीवाल्याला कामगार कायदा लागूच नसतो. ऑफिसात सगळे हेच म्हणतात. राजीनामा टाकून मोकळा होणार होतो, तर बायको चिडली. म्हणाली, "रोज रात्री जेवताना देशाचा निकाल लावतोस आणि सकाळी ते म्हणतील ते करतोस."

ही माणसं भाबडी आहेत, की मीच कडवट झालोय? नेमणूकपत्रात वर्षभर स्पर्धक कंपनीत जायचं नाही अशी अट आहे, तिचं काय? धाकट्या भावाचं दोन वर्षांचं बॉन्ड आहे, ते बोगसच असतं ना? कधी वाटतं, एलएल.बी. करावं आणि पॉलिसीत शिरावं.

— राजेंद्रनगरचा एक इंजिनिअर»

राजेंद्रनगरकर,

आधी कामाचं. राजीनामा लिहू नकोस. मेलवर नको, पोर्टलवर नको, आणि 'नुसता ड्राफ्ट पाठवून ठेवा, तारीख नंतर टाकू' असं कुणी गोड आवाजात म्हणालं तरी नको. दहा दिवसांची मुदत त्यांची आहे, कायद्याची नाही. ती उलटून गेली म्हणून तुझं काही बुडत नाही. सही केलीस तर मात्र बुडतं, आणि किती बुडतं त्याचा आकडा पुढे मांडते.

आता तुझ्या कडवटपणाकडे. तुला वाटत असेल मी समजूत काढेन, की बाळा, एवढं काही वाईट नाही. तसं काही करणार नाही, कारण तू म्हणतोस त्यातलं बरंचसं खरं आहे.

डेटाचा कायदा, म्हणजे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, घे. 2017 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर कायदा यायला 2023 चा ऑगस्ट उजाडला आणि नियम यायला 2025 चा नोव्हेंबर. मसुद्यावर लोकांकडून सूचना मागवल्या, पण कुणी काय सुचवलं ते उघड करणार नाही, हेही तेव्हाच सांगून टाकलं. अंमलाचं वेळापत्रक तर मन लावून वाचण्यासारखं आहे. माहितीच्या अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदलणारी तरतूद लगेच लागू झाली. कंपन्यांनी तुझ्यामाझ्या माहितीचं काय करावं आणि काय करू नये, हे सांगणारी मुख्य कलमं अठरा महिन्यांनी, म्हणजे 2027 च्या मेमध्ये. सरकारकडची माहिती मागणाऱ्याची वाट आजच अरुंद आणि कंपन्यांना मात्र दीड वर्षाची सवड. शिवाय कलम 7 मध्ये नोकरीच्या कामासाठी, किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरायची सोय करून ठेवली आहे. लॅपटॉपवर स्क्रीन टिपणारं सॉफ्टवेअर बसवताना तुझ्या एचआरला या कलमाची आठवण नक्की होईल. तर या मुद्द्यावर तू आणि मी एका बाकावर.

फोनचं म्हणशील तर तेही खोटं नाही. 2024 च्या जुलैत कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानं खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं. उद्योगांनी आणि नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेनं ओरड केली आणि दोन-तीन दिवसांत ते बासनात गेलं. विधेयक चांगलं होतं असं मी म्हणत नाही. गती बघ म्हणते. पण त्याच महिन्यात, त्याच राज्यात, आयटीवाल्यांकडून दिवसाला चौदा तासांपर्यंत काम करून घेता यावं असा एक प्रस्ताव होता. आयटी कर्मचाऱ्यांची संघटना रस्त्यावर उतरली आणि तोही मागे पडला. ही दुसरी बातमी तुमच्या ऑफिसच्या चहाच्या टपरीवर किती जणांना माहीत आहे?

माझं म्हणणं इथून सुरू होतं. तू संसदेवर संशय घेतोस, मंत्रालयावर घेतोस, न्यायालयावर घेतोस, बाबांच्या भाबडेपणावर तर घेतोसच. आणि एचआरनं कॉलवर, एक अक्षर लेखी न देता सांगितलं, की राजीनामा दिलास तर तुझंच भलं आहे, त्यावर तू संशय घेतला नाहीस. 'आयटीवाल्याला कामगार कायदा लागूच नसतो' हे वाक्य तू माझ्यापुढे असं टाकलंस, जणू सूर्य पूर्वेला उगवतो. हे तुला कुणी सांगितलं? ऑफिसातल्यांनी. त्यांना कुणी? माग काढत गेलास तर बहुतेक वेळा कुठल्या तरी ओरिएंटेशनच्या हॉलमध्ये, पगार देणाऱ्याच्याच माणसाजवळ पोचशील.

सियागंजात घाऊक घेतलं तर स्वस्त पडतं, हे आपल्या गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. संशयाचंही तसंच आहे. 'सगळेच चोर' हा घाऊक संशय फार स्वस्त. त्याला काही वाचावं लागत नाही, कुणाला पत्र लिहावं लागत नाही. किरकोळ संशय महाग. या कागदावरच्या या ओळीत हा शब्द का घातला, एवढंच विचारायचं, पण त्यासाठी कागद वाचावा लागतो. तुझ्या कंपनीला तुझ्या घाऊक संशयाचं काहीच वावडं नाही. उलट 'कायदा-बियदा काही नसतं, भिया' असं टीममधला प्रत्येक जण मानत असेल तर माणसं कमी करण्याचा खर्च अर्ध्याहून खाली येतो.

खर्चाचा हिशेब आता मांडू, कागद घे.

माणसं जास्त झाली म्हणून कामावरून कमी करणं, याला कायद्यात कपात म्हणतात. 1953 पासून औद्योगिक विवाद कायद्यात त्याची रीत लिहिलेली होती. 21 नोव्हेंबर 2025 ला चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत ती जवळजवळ तशीच आली. (संहितांचीही गंमतच. एक 2019 ची, तीन 2020 ची. त्या तीन विरोधकांच्या बहिष्कारात, ऐन कोरोनात मंजूर झाल्या आणि मग पाच वर्षं कपाटात पडून राहिल्या. घाई आणि उशीर एकाच कायद्यात कसे बसवावेत, ते आपल्याकडून शिकावं.) वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला काढायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस, कारणासह, किंवा तेवढं वेतन. भरपाई म्हणून नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन. शिवाय नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे. त्यात मालकानं आणखी पंधरा दिवसांचं वेतन भरायचं आणि ते कपातीपासून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचं. शेवटी लागलेल्याला आधी काढायचं, हाही साधारण नियम आहे. तो मोडायचा तर कारण नोंदवावं लागतं. नऊ वर्षांच्या माणसाला हा नियम आठवला पाहिजे.

तुझी नऊ वर्षं गुणिले पंधरा दिवस म्हणजे 135 दिवस, साडेचार महिने. नोटिशीचा एक महिना. निधीचा अर्धा. झाले सहा महिने. तुला देऊ केलेत दोन. आणि नेमणूकपत्र उघडून नोटीस पिरियड किती लिहिलाय ते बघ. दोन महिने असेल तर हे 'देऊ केलेले' दोन महिने मुळात तुझेच आहेत, ते फक्त रुमालात बांधून परत देतायत. इथे 'वेतन' म्हणजे हातात येतो तो सगळा पगार नव्हे, त्याची व्याख्या वेगळी आहे. पण नव्या व्याख्येत भत्त्यांच्या नावाखाली निम्म्याहून जास्त रक्कम बाहेर ठेवता येत नाही, तेव्हा बेसिक चिमूटभर दाखवून सुटण्याची जुनी युक्ती आता तितकी चालणार नाही.

तू राजीनामा दिलास की यातलं काहीच लागू होत नाही, कारण मग कपात झालेलीच नसते. त्या तयार मजकुरात एक शब्द हमखास असतो: 'स्वेच्छेने'. त्याच्या पुढे 'वैयक्तिक कारणास्तव'. आणि फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर खाली, बारीक अक्षरांत, 'यापुढे कंपनीविरुद्ध माझा कोणताही दावा राहिलेला नाही'. या तीन तुकड्यांवर सही झाली की पुढे कुठलाही वकील आला तरी त्याचा निम्मा वेळ ती सही तुझ्याकडून दबावानं घेतली, हे सिद्ध करण्यात जातो. ग्रॅच्युइटी तेवढी राजीनाम्यानंतरही मिळते, पाच वर्षं होऊन गेलीत तुझी. ती देऊन कंपनी उपकार करत नाही, हे लक्षात असू दे.

आता तुझा मोठा प्रश्न: आयटीवाला कामगार आहे का? संहितेतल्या व्याख्येत कुशल, तांत्रिक, कारकुनी अशी सगळी कामं येतात. तांत्रिक काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. 18,000 रुपयांची मर्यादा आहे ती पर्यवेक्षकाला. बाहेर ठेवलेत ते मुख्यतः व्यवस्थापक आणि प्रशासक. पदाचं नाव काय आहे त्यापेक्षा माणूस प्रत्यक्षात काय करतो ते पाहायचं, हे सर्वोच्च न्यायालय 1980 च्या दशकापासून सांगत आलंय. म्हणून प्रामाणिकपणे बस आणि लिही, 'टेक लीड' म्हणून तुझा दिवस कशात जातो. कोड लिहिण्यात, दुसऱ्यांचा तपासण्यात, रात्री दोनला सर्व्हर उठवण्यात जात असेल तर तू तांत्रिक. लोकांच्या रजा मंजूर करतोस, पगारवाढ ठरवतोस, कुणाला ठेवायचं-काढायचं ते तुझ्या सहीनं होतं, तर गोष्ट अवघड. माझा अंदाज आहे की तुझ्या सहीनं टीमच्या पिझ्झाचं बिलही पास होत नसेल. चेन्नईत एका मोठ्या आयटी कंपनीनं 2015 मध्ये काढलेल्या अभियंत्याच्या बाबतीत हाच वाद झाला. कंपनी म्हणाली तो व्यवस्थापक, कामगार न्यायालय म्हणालं नाही, आणि त्याला परत कामावर घ्यायला सांगितलं. साल 2022.

सात वर्षं. तू लगेच म्हणशील, हेच तर मी सांगत होतो.

त्याहून मोठं उदाहरण तुझ्या गावात आहे. हुकुमचंद मिल 1992 च्या सुमारास बंद पडली. कामगारांच्या देण्यासाठीचा सुमारे 224 कोटींचा चेक निघाला तो 25 डिसेंबर 2023 ला. साधारण 4,800 कामगारांचा प्रश्न होता. तीस वर्षं! त्यांतले कित्येक जण तोवर गेले, पैसे मुलानातवंडांच्या हाती आले. इंदूरच्या माणसानं न्यायव्यवस्थेवर भाबडा विश्वास ठेवावा, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? ठेवू नकोस. पण त्यातली एक गोष्ट बघ. इतक्या वर्षांनीसुद्धा पैसे कुणाला मिळाले, तर ज्यांचं नाव आणि ज्यांचं देणं कागदावर टिकून राहिलं त्यांना. संघटनेनं पिच्छा सोडला नाही म्हणून ते टिकलं. 'काही होणार नाही' असं म्हणून आपणहून नाव काढून घेतलेल्याला कुठलंही न्यायालय काही देऊ शकत नाही, तिसाव्या वर्षीही नाही.

आणि तुला सात वर्षं लढायचंच नाहीये. तुला आठवडाभरात एक मेल लिहायचा आहे. त्यात राग नको, कलमांचा पाऊस नको, एआयवर निबंध नको. एवढंच: अमुक तारखेच्या कॉलवर, अमुक आणि अमुक यांनी, टीम लहान करायची असल्यानं मला राजीनामा द्यायला सांगितलं. माझी राजीनामा द्यायची इच्छा नाही. मी काम करायला तयार आहे आणि करतो आहे. कंपनीला मला कमी करायचं असेल तर कारणासह लेखी नोटीस द्यावी आणि कायद्यानुसार देय रकमेचा तपशील द्यावा. चार वाक्यं. कॉलवरचं बोलणं कागदावर आलं, की खोलीतली हवा बदलते. पुढचा फोन बहुधा एचआरच्या वरच्या कुणाचा येईल, आणि त्याचा आवाज आणखी गोड असेल. त्या फोननंतरही 'आपलं जे बोलणं झालं ते असं' म्हणून मेल टाक.

'एआयमुळे' हा शब्द मेलमध्ये जरूर येऊ दे, कारण तो त्यांनीच दिलाय. कंपन्या हे कारण माणूस बघून बदलतात. गुंतवणूकदारांसमोर एआय म्हणजे सुवर्णकाळ, कर्मचाऱ्यासमोर एआय म्हणजे नाइलाज, आणि लेबर ऑफिसरसमोर एआयचं नावही नाही, तिथे तुझा परफॉर्मन्स वाईट. 2025 च्या जुलैत टीसीएसनं जगभरातले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या प्रमुखांनी कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ बसत नाही असं सांगितलं. कारण कुठलं सांगायचं याला महत्त्व असतं म्हणून तर इतकं जपून बोलतात. तुझ्या एचआरनं एकाच कॉलवर दोन्ही कारणं सांगून टाकली: टीम लहान करतोय, आणि ऐकलं नाहीस तर परफॉर्मन्स. माझ्यासारखीला असं वाक्य कागदावर मिळालं तर दिवाळी.

म्हणून मागच्या तीन वर्षांचे अप्रेझल, पगारवाढीची पत्रं, ग्राहकानं कौतुक केलेले मेल, नेमणूकपत्र, पगारपत्रकं आजच गोळा करून ठेव. तुझे स्वतःचे कागद घे. कंपनीचा कोड, ग्राहकाचा डेटा, दुसऱ्याचे पगार यांना हात लावू नकोस. नाहीतर आज नसलेलं कारण उद्या तूच त्यांना हातात देशील. त्यांनी अचानक 'परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन' काढला तर त्याची तारीख आणि तुझ्या मेलची तारीख शेजारी शेजारी ठेव. बोलतील त्या.

बाबा म्हणतात ते लेबर ऑफिस. मध्य प्रदेशात इतर बहुतेक मोठी खाती भोपाळला, श्रमायुक्त मात्र इंदुरात बसतात. तेवढा एक फायदा देवानं तुला दिलाय. तिथे गेलास की लगेच न्याय मिळेल असं नाही. खुर्ची रिकामी असेल, 'साहेब दौऱ्यावर' असतील, नव्या संहितांचे नियम कुणाला पाठ नसतील. तरीही अर्ज दिल्यावर तडजोडीसाठी कंपनीला बोलावणं जातं, आणि ज्या कंपनीला पुढच्या महिन्यात अजून दहा जणांना असाच कॉल करायचा आहे, तिला त्या टेबलाशी बसायचं नसतं. तू जिंकशीलच असं मी म्हणत नाही. दोन महिन्यांचे पाच होतील, कदाचित सहा, आणि पत्रात 'स्वेच्छेने' हा शब्द नसेल. तेवढं झालं तरी तडजोड कर, मोकळा हो, नवी नोकरी बघ. तत्त्वासाठी भांड असं मी सांगणार नाही. तुझ्यावर घराचा हप्ता आहे की नाही ते तू लिहिलेलं नाहीस, पण तेहतिसाव्या वर्षी राजेंद्रनगरात राहणाऱ्याला तो असतोच, असं धरून चालते.

इंदुरात एक भीती जास्त असते, ती तू लिहिली नाहीस तरी ओळीओळींत दिसते. गाव लहान. विजयनगर, क्रिस्टल आयटी पार्क, सुपर कॉरिडॉर, फिरून फिरून त्याच कंपन्या आणि तेच एचआर. 'नाव खराब होईल.' पुण्या-बंगळुरात माणूस गर्दीत हरवतो, इथे लग्नाकार्यात मॅनेजर समोर येतो. पण नवी कंपनी पडताळणी करते ती तारखांची, पदाची आणि बाहेर पडल्याच्या कागदाची. चार सभ्य वाक्यांचा मेल लिहिला म्हणून काळ्या यादीत जाणारा माणूस निदान माझ्या टेबलावर अजून आलेला नाही. शिव्या देऊन, ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून गेलेले आलेत.

तुझ्या दोन छोट्या प्रश्नांची उत्तरं उलटसुलट आहेत, आणि त्यातच घाऊक मत किती कुचकामी ते दिसेल. स्पर्धक कंपनीत वर्षभर न जाण्याची अट: 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 सांगतं, की धंदा-व्यवसायाला बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक. नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी आपली न्यायालयं सहसा टिकू देत नाहीत. कंपनीची गुपितं नेलीस तर गोष्ट वेगळी, एरवी खुशाल अर्ज कर. भावाचं बॉन्ड मात्र 'बोगस' नाही. 2025 च्या मेमध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेची अट वैध ठरवली. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरायचे, अशी ती होती. भरतीचा खर्च आणि जागा रिकामी पडण्याचं नुकसान, ही कारणं न्यायालयाला पटली. याचा अर्थ प्रत्येक खासगी कंपनीचं कुठल्याही रकमेचं बॉन्ड चालेल असा नाही. कंपनीनं खरंच काय खर्च केला आणि रक्कम वाजवी आहे का, हे प्रश्न उरतात. पण भावाला सांग, मित्राच्या भरवशावर उद्या बॅग उचलू नकोस. ज्या अटीला तू घाबरतोस ती पोकळ, आणि जिला हसतोस ती भरीव. कागद न वाचता हे कसं कळलं असतं?

एलएल.बी.चं ऐक. आत्ता नको. आत्ता तुला कायदा शिकायचा नाहीये, त्या कॉलपासून पळायचंय, आणि पळण्यासाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम फार लांबचा रस्ता आहे. पत्राद्वारे केलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही, नियमित कॉलेजला हजेरी लागते. नोकरी सांभाळून 'सहज' होणारी ती गोष्ट नाही. दोन वर्षांनी, नव्या नोकरीत स्थिर झाल्यावरही वाटलं तर जरूर कर. कोड वाचता येणारे वकील आपल्याकडे फार थोडे आहेत आणि डेटाच्या कायद्याची मुख्य कलमं लागू झाली की त्यांची गरज पडणारच आहे. पण पॉलिसीत शिरायला पदवी लागतेच असंही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ हे कलम आठवतं? 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. त्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेली ती श्रेया सिंघल नावाची एक तरुण विद्यार्थिनी, आणि 24 मार्च 2015 ला कलम रद्द झालं. तुझ्या कडवटपणाला खाऊ म्हणून पुढचंही सांगते: रद्द झालेल्या त्याच कलमाखाली पोलीस आणखी कित्येक वर्षं गुन्हे नोंदवत राहिले आणि 2021 मध्ये न्यायालयाला त्यावर धक्का बसल्याचं बोलून दाखवावं लागलं. ठाण्यातल्या मुन्शीपर्यंत निकाल पोचलाच नव्हता. पण ज्याच्या वकिलानं तो निकाल छापून सोबत नेला, त्याचं काम सोपं झालं.

उरली बायको. ती भाबडी नाही. तुझ्या पत्रातलं सगळ्यात धारदार वाक्य तिचं आहे. तिची तक्रार तुझ्या मतांबद्दल नाहीच. मतांचा तिला रोज रात्री हप्ता बसतो आणि त्यातून घरासाठी काही निघत नाही, याबद्दल आहे. सासऱ्यांकडे रविवारी पोहे-जलेबीच्या ताटावर डेटाच्या कायद्याचं कलम 7 समजावून सांगणारा जावई कुणाला हवा असतो? (मला आवडला असता. पण मी सासू नाही.) मेलचा मसुदा तिला दाखव. तिला चार वाक्यांत पाचवं खपत नाही, असं तिच्या त्या एका वाक्यावरून वाटतं. ती तुझं काटछाट करून देईल. आणि घरात पुढचे सहा महिने पैसे कसे पुरवायचे ते दोघांनी मिळून एका वहीत मांडा. पगार थांबला तर आरोग्य विमा कंपनीचा आहे की स्वतःचा, हे आधी बघा. बहुतेकांचा कंपनीचाच असतो आणि नोकरीबरोबर जातो.

सहीवाचून नोकरी गेलीच, तरी वेतन संहितेप्रमाणे राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. 'फुल अँड फायनलला 45 दिवस लागतात' असं म्हणाले तर त्यांना लेखी विचार, कुठल्या कलमाखाली.

आणि आज रात्री पीएफचं पासबुक उघड. कंपनीचा हिस्सा दर महिन्याला जमा झालाय का ते नऊ वर्षांचं एकदा खाली सरकवत बघ. मधे दोन-चार महिने कोरे निघाले तर तेही अर्जात जाईल. नॉमिनेशनचं पानही बघ. नोकरीला लागलास तेव्हाचं असेल तर त्यात आईचंच नाव असणार. तिथे बायकोचं नाव घाल, ओटीपी येईपर्यंत धीर धर, ती साइट मधेच अडकते.